मार्टिन हौग आणि पुण्याचे श्रौती

एकोणिसाव्या शतकातील पुण्याच्या विद्याजीवनाचा विचार करताना आपल्या वाङ्मयेतिहासात मोल्सवर्थ आणि कँडी यांची नावे अपरिहार्यपणे येतात. कीलहॉर्न यांचे नाव व्याकरणाच्या अभ्यासकांच्या ओठी असते. या दोहोंच्या मधल्या काळात, १८५९ ते १८६६ ही सात वर्षे, पुण्याच्या महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन करणारे मार्टिन हौग मात्र बहुधा तळटीपेत उरले आहेत. त्यांचे नावही मराठीत एका रूपात स्थिरावलेले नाही. हौग, हाउग, हॉग अशी निरनिराळी रूपे वापरली जात असल्यामुळे सूची चाळणाऱ्या संशोधकाच्या हातून तीच व्यक्ती दोनदा किंवा एकदाही न सापडण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात हौग हे रूप स्वीकारले आहे.

या आडनावाविषयी थोडे विषयांतर करणे अस्थानी होणार नाही. हौग हे आडनाव जर्मन आणि नॉर्वेजियन अशा दोन्ही समाजांत आढळते. पण अक्षरे तीच असली तरी उगम एक नाही. दक्षिण जर्मनीत ते हूग अथवा हूगो या जुन्या व्यक्तिनामापासून आले असून त्याच्या मुळाशी मन, अंतःकरण या अर्थाचा शब्द आहे. नॉर्वेत मात्र त्याचा अर्थ सरळ टेकाड असा आहे. टेकाडालगतच्या शेतवाडीवरून ते कुटुंबांना लागले. आंबागडसारखे टेकडीवरचे किल्ले ज्यांच्या नित्य परिचयाचे आहेत त्या भंडारा-नागपूरकडील वाचकांना येथे कवी आनंदराव टेकाडे यांच्या आडनावाची आठवण व्हावी. तेव्हा स्कीच्या शर्यतींत १९२४ साली शामोनी येथे तीन सुवर्णपदके मिळवणारे नॉर्वेचे थोरलाइफ हौग आणि आपले पुण्याचे प्राध्यापक यांचे आडनाव एक असले तरी नाते केवळ उच्चाराचे आहे. भूविज्ञानात भूद्रोणीच्या कल्पनेला व्यापक रूप देणारे एमील हौग (१८६१–१९२७) हे आल्सासचे, म्हणजे जर्मन भाषक प्रदेशातले. साहित्याच्या अभ्यासकाला अधिक जवळचे वाटतील ते ह्यूर्टेम्बेर्गचे पितापुत्र. बाल्टाझार हौग (१७३१–१७९२) यांच्या नियतकालिकात १७७६ साली शिलरची पहिली कविता छापली गेली, आणि त्यांचे चिरंजीव फ्रीड्रिख हौग (१७६१–१८२९), शिलरचे शाळासोबती, हे चुटकेवजा उपहासकवितेसाठी प्रसिद्ध होते. एका गृहस्थाच्या अवाढव्य नाकावर त्यांनी दोनशे अतिशयोक्ती रचल्या होत्या. मार्टिन हौग याच ह्यूर्टेम्बेर्गमधले. या कवीशी त्यांचे काही नाते होते असे मानण्यास आधार नाही; आणि विनोद हा तर त्यांचा स्वभाव नव्हताच.

मार्टिन हौग यांचा जन्म ३० जानेवारी १८२७ रोजी बालिंगेनजवळच्या ओस्टडॉर्फ या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. सहा भावंडांत ते थोरले. थोरल्या मुलाने शेत सांभाळावे ही तिकडचीही रीतच. त्यामुळे विद्येची वाट त्यांना सरळ लाभली नाही. काही काळ त्यांनी गावशाळेत साहाय्यक शिक्षकाचे काम केले आणि फावल्या वेळात लॅटिन, ग्रीक व हिब्रू यांचा अभ्यास केला. त्यांच्या चरित्रकारांनी एक हकीकत सांगितली आहे. बॉप यांनी लॅटिन भाषांतरासह छापलेले नलोपाख्यान त्यांच्या हाती आले. जवळ ना गुरू ना व्याकरण. भाषांतरातील विशेषनामे मूळ संहितेत कोठे येतात हे ताडून त्यांनी देवनागरी अक्षरे एकेक करून ओळखली. नल आणि दमयंती यांच्या नावांवरून वर्णमाला उलगडणारा हा खेड्यातला तरुण पुढे ऐतरेय ब्राह्मणाची संहिता प्रसिद्ध करणार होता. हकीकतीत चरित्रकाराचा हात थोडा लागला असेलही, पण या माणसाच्या एकूण वृत्तीशी ती पूर्णपणे जुळते. साधने अपुरी असताना, कोणाची अनुज्ञा न घेता, मुळालाच जाऊन भिडणे ही त्यांची आयुष्यभराची पद्धत होती.

श्टुटगार्टच्या विद्यालयात ते बऱ्याच उशिरा दाखल झाले आणि १८४८ मध्ये ट्यूबिंगेन विद्यापीठात गेले. तेथे ऋग्वेदाचे विख्यात पंडित रुडोल्फ रोट होते. पुढे ग्योटिंगेन येथेही त्यांनी अध्ययन केले. १८५४ मध्ये बॉन येथे अध्यापनाचा अधिकार आणि १८५६ पासून हायडेलबर्ग येथे बुन्सेन यांच्या बायबलविषयक बृहत्प्रकल्पात साहाय्य, असा त्यांचा क्रम होता. याच काळात त्यांनी अवेस्तातील पाच गाथांचे भाषांतर सिद्ध केले. ते दोन भागांत १८५८ व १८६० मध्ये लाइपझिग येथून प्रसिद्ध झाले. अवेस्ता हा एकसंध ग्रंथ नसून त्यातील गाथा भाषेने व आशयाने उरलेल्या भागाहून प्राचीन आहेत आणि जरथुश्त्राची प्रत्यक्ष वाणी शोधायची असेल तर ती येथेच शोधली पाहिजे, हे त्यांनी ठासून मांडले. या एका भेददर्शनाचे परिणाम केवढे झाले ते पुढे पाहू.

त्या वेळी अवेस्ताच्या अर्थनिर्णयाबाबत जर्मनीत दोन पक्ष होते. श्पीगेल यांचा पक्ष पारशी परंपरेतील पहलवी भाषांतरांना प्रमाण मानीत असे. दुसरा पक्ष ही परंपरा उत्तरकालीन व भ्रष्ट समजून वेदभाषेशी तुलना आणि व्याकरण यांच्या बळावर अर्थ लावी. रोट यांचा कल या दुसऱ्या पक्षाकडे होता, वेदाच्या बाबतीतही सायणाला बाजूला सारून वेदावरूनच वेद लावावा असा त्यांचा आग्रह होता, आणि तरुण हौग याच मताचे होते. पुण्याला येताना त्यांनी बरोबर आणलेली पद्धती ही होती. ती तशीच परत गेली नाही.

मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याचे संचालक हॉवर्ड यांच्या निमंत्रणावरून हौग १८५९ मध्ये पुण्यास आले. त्या काळचे पूना कॉलेज म्हणजे १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात स्थापन झालेल्या संस्कृत पाठशाळेची नवी आवृत्ती. शास्त्रीमंडळी आणि इंग्रजी प्राध्यापक यांचा तो काहीसा विजोड संसार होता. प्राचार्यपदी एडविन आर्नल्ड होते. बुद्धचरित्रावरील ज्या काव्याने त्यांना कीर्ती मिळाली ते अजून वीस वर्षे दूर होते. १८६४ मध्ये या संस्थेला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले. येरवड्याची इमारत वापरात आली ती १८६८ मध्ये, हौग यांच्या निर्गमनानंतर. पेशवाई संपून चाळीस वर्षे झाली असली तरी वेदपाठ आणि श्रौतविद्या यांची परंपरा शहरात आणि कृष्णाकाठच्या क्षेत्रांत टिकून होती. ती क्षीण होत चालली होती, पण तुटली नव्हती.

हौग यांनी हाती घेतले ते ऐतरेय ब्राह्मण. चाळीस अध्यायांचा, आठ पंचिकांत विभागलेला ऋग्वेदाचा हा ब्राह्मणग्रंथ मुख्यतः होत्याच्या कर्माशी संबंधित आहे. अग्निष्टोम, गवामयन, द्वादशाह, अग्निहोत्र, राजसूय असा त्याचा विषयविस्तार आहे. शुनःशेपाचे आख्यान सातव्या पंचिकेत येते. हा ग्रंथ व्याकरणाने लागत नाही. कारण त्यातील वाक्ये कर्म चालू आहे असे गृहीत धरून बोलतात. कोणत्या क्षणी कोण कोठे बसला आहे, कोणते पात्र कोणाच्या हाती आहे, उद्गात्याचे स्तोत्र संपून होत्याचे शस्त्र कधी सुरू होते, हे ज्याने पाहिले नाही त्याला शब्दार्थ कळूनही वाक्य कळत नाही. सायणभाष्य साहाय्य करते. पण सायणाचा वाचक यज्ञ जाणणारा आहे, आणि जे सर्वांना ठाऊक आहे ते भाष्यकार सांगत नाही. हौग यांना ही अडचण पुण्यात लवकरच उमगली. जर्मनीत असते तर ती बहुधा उमगलीच नसती.

मग त्यांनी श्रौतींचा शोध आरंभला. ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी स्वतः हे सविस्तर नोंदवले आहे. यज्ञकर्माचे रहस्य जाणणारे ब्राह्मण थोडे, आणि जे होते ते परक्यास काही सांगावयास तयार नव्हते. अखेर एक श्रौती सापडला. लहान इष्टी तर त्याने केल्याच होत्या, पण दुर्मीळ झालेल्या सोमयागांतही त्याने ऋत्विज म्हणून काम केले होते. हौग यांच्या राहत्या आवारातील एका आडबाजूच्या जागी वेदी मांडली गेली, पात्रे आणली गेली, आणि सुमारे पाच दिवस इष्टीचा व सोमयागाचा मुख्य भाग त्या श्रौतीने करून दाखवला. हौग समोर बसून टिपणे घेत होते. न कळले तेथे थांबवून विचारीत होते. या श्रमाबद्दल श्रौतीला त्यांनी द्रव्य दिले होते.

या पाच दिवसांवर थोडे थांबले पाहिजे. शास्त्राप्रमाणे सोमयागाचा यजमान आहिताग्नी आणि सपत्नीक हवा, ऋत्विजांचे विधिपूर्वक वरण हवे, दीक्षा हवी. हौग यांच्या आवारात यांपैकी काहीच असणे शक्य नव्हते. म्हणजे घडले ते यज्ञ नव्हे, यज्ञाचे दर्शन. आज एखादा अभ्यासक त्याला प्रयोगप्रदर्शन म्हणेल. मला वाटते, त्या श्रौतीने आपल्या मनाशी हाच भेद केला असावा; फलाचा संकल्प नाही तेथे कर्म नाही, आणि कर्म नाही तेथे दोषही नाही. पण पुण्यातील त्या काळच्या ब्राह्मणसमाजाने हा भेद मान्य केला असता काय? जातीबाहेर घालण्याचे शस्त्र तेव्हा बोथट झालेले नव्हते. जागा आडबाजूची निवडली गेली यात सर्व काही आले. हौग यांनी या माणसाचे नाव दिले नाही. ते बहुधा कृतघ्नतेने नव्हे, त्याच्या रक्षणासाठी. निदान मी तसे मानतो. परिणाम मात्र असा झाला, की वेदविद्येच्या आधुनिक अभ्यासात ज्याच्या हातांनी आणि आवाजाने हे पान उलटले गेले तो माणूस नावाने कायमचा नाहीसा झाला.

सोमरसाचा अनुभवही हौग यांनी नोंदवला आहे. पुण्याच्या आसपासच्या डोंगरांवर मिळणारी, झुडपासारखी वाढणारी वनस्पती त्या वेळचे याज्ञिक सोम म्हणून वापरीत. ती वेदांतील मूळ सोमच असे हौग मानत नव्हते. तिच्याशी नाते असलेली एखादी जात असावी असा त्यांचा तर्क होता. पांढुरका रस त्यांनी अनेकदा चाखला. तो कडवट, तुरट आणि किंचित मादक लागला, आणि काही चमच्यांपलीकडे त्यांना तो घेववला नाही. देवांना प्रिय असलेल्या पेयाचा एका प्राध्यापकाने दिलेला हा अभिप्राय पुढे युरोपात सोमविषयक चर्चांत फिरत राहिला.

ऐतरेय ब्राह्मण १८६३ मध्ये मुंबईहून सरकारी खर्चाने दोन खंडांत निघाले. पहिल्यात संहिता व दीर्घ प्रस्तावना, दुसऱ्यात टीपांसह इंग्रजी भाषांतर. हा ग्रंथ छापील स्वरूपात प्रथमच येत होता. माक्स म्यूलर यांनी त्याची सहानुभूतीने दखल घेतली. बर्लिनचे आल्ब्रेख्ट वेबर यांनी मात्र १८६५ मध्ये त्यावर एखाद्या ग्रंथाएवढे प्रदीर्घ आणि कठोर परीक्षण लिहिले. वेबर यांचे अनेक आक्षेप खरे होते हे मान्य केले पाहिजे. हौग घाईने लिहीत, इंग्रजी ही त्यांची भाषा नव्हती, आणि पाठभेदांच्या बाबतीत त्यांचा संयम अपुरा पडला. पुढे १८७९ मध्ये आउफ्रेख्ट यांनी संहितेची नवी आवृत्ती काढली आणि १९२० मध्ये कीथ यांनी नवे भाषांतर केले. आज संहितेसाठी हौग यांच्याकडे कोणी जात नाही. पण टीपांसाठी जावेच लागते. कोणते कर्म प्रत्यक्षात कसे घडते हे सांगणाऱ्या त्या टीपांत आवारातले ते पाच दिवस साठवलेले आहेत, आणि वेबर यांच्या विद्वत्तेला त्यांची बरोबरी करता येण्यासारखी नव्हती. ते बर्लिनमध्ये होते.

याच प्रस्तावनेत हौग यांनी वेदकालाविषयी एक मांडणी केली. वेदांगज्योतिषातील अयनस्थितीवरून इसवी सनापूर्वी ११८६ हे वर्ष निश्चित करून, ब्राह्मणग्रंथांसाठी इसवी सनापूर्वी १४०० ते १२०० आणि संहितांसाठी २००० ते १४०० असे काळ त्यांनी सुचवले. सर्वांत जुनी सूक्ते त्यांनी २४०० पर्यंत मागे नेली. माक्स म्यूलर यांच्या सावध कालगणनेच्या मानाने हे धाडस होते. वर्षभर चालणारी सत्रे ही सूर्याच्या वार्षिक गतीची प्रतिकृती होत, हा त्यांचा विचार अधिक टिकाऊ ठरला. तीस वर्षांनी, १८९३ मध्ये, लोकमान्य टिळकांनी ओरायन लिहिले तेव्हा यज्ञ म्हणजेच संवत्सर हे सूत्र मांडताना त्यांनी हौग यांचा आधार घेतला. टिळक डेक्कन कॉलेजात शिकले ते हौग गेल्यानंतर काही वर्षांनी. त्यांची भेट ग्रंथातूनच झाली.

पुण्यात हौग यांचे दुसरे गुरुकुल पारशी दस्तुरांचे होते. येथे नाव उपलब्ध आहे: दस्तूर होशंगजी जामास्पजी. पारशी धर्मगुरूस युरोपीय पंडिताबरोबर बसण्यात जातिभ्रंशाचे भय नव्हते, म्हणून ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर त्यांचे नाव सन्मानाने येऊ शकले. होशंगजींच्या सहवासात हौग यांची पहलवीविषयीची जुनी उपेक्षा ओसरली. ज्या परंपरेला त्यांनी जर्मनीत अविश्वसनीय ठरवले होते तिच्यातील शब्दकोश आणि टीका यांचेच संपादन ते आता करू लागले. जुना झंद-पहलवी कोश १८६७ मध्ये आणि पहलवी-पाझंद कोश १८७० मध्ये प्रसिद्ध झाला. १८६३-६४ च्या हिवाळ्यात सरकारतर्फे त्यांनी गुजरातेत हस्तलिखितांच्या शोधार्थ दौरा केला. श्रौतींनी जे वेदाच्या बाबतीत घडवले तेच दस्तुरांनी अवेस्ताच्या बाबतीत घडवले, असे म्हणता येईल.

पारशी समाजावर त्यांचा जो परिणाम झाला तो मात्र शब्दकोशांचा नव्हे. १८६२ मध्ये मुंबईहून त्यांचे पारशांची पवित्र भाषा, ग्रंथ आणि धर्म यांवरील निबंध प्रसिद्ध झाले. पुढे एका गाथेवरील त्यांचे व्याख्यानही छापले गेले. जरथुश्त्र एकेश्वरवादी होता, शुभ आणि अशुभ ही दोन तत्त्वे एकाच परमेश्वराच्या ठायी होती, आणि उत्तरकालीन द्वैत तसेच विधींचे अवडंबर ही नंतरची भर होती, असे त्यांनी प्रतिपादिले. येथे वीस वर्षांमागील एक प्रसंग लक्षात घेतला पाहिजे. जॉन विल्सन यांनी १८४३ मध्ये पारशी धर्मावर ग्रंथ लिहून त्याच्या द्वैतावर कडाडून हल्ला चढवला होता, आणि धर्मगुरूंना समाधानकारक उत्तर देता आले नव्हते. ते उत्तर एका जर्मन प्राध्यापकाने आणून दिले. इंग्रजी शिकलेल्या पारशांनी ते उत्सुकतेने स्वीकारले. एका संहितेच्या वाचनातून जिवंत समाजाच्या श्रद्धेला वळण लागावे, हे भाषाशास्त्रात क्वचितच घडते. त्या वाचनाविषयी पुढील अभ्यासकांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. देव आणि असुर या शब्दांच्या उलट्या अर्थांवरून वैदिक व इराणी लोकांत धार्मिक फूट पडल्याचे जे चित्र हौग यांनी रंगवले, तेही त्या स्वरूपात आता मान्य नाही. पण समाजाने एकदा उचललेला विचार पंडितांच्या दुरुस्तीची वाट पाहत नाही.

येथे एक विसंगती जाणवते. पुण्यात विधीशिवाय ग्रंथ कळत नाही हे ज्याने शिकून घेतले, त्यानेच मुंबईच्या पारशांना विधी म्हणजे मूळ उपदेशावरील उत्तरकालीन थर असे सांगितले. एका बाजूने श्रौतीचा शिष्य, दुसऱ्या बाजूने लूथरच्या देशातला माणूस. हौग यांना ही विसंगती जाणवली असावी असे त्यांच्या लेखनावरून दिसत नाही.

१८६६ मध्ये ते स्वदेशी परतले. त्यांच्या जागी आलेल्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी महाभाष्याची आवृत्ती सिद्ध केली, आणि विदर्भाच्या अभ्यासकांना विशेष महत्त्वाची अशी मध्यप्रांतातील संस्कृत हस्तलिखितांची यादी १८७४ मध्ये नागपूरहून प्रसिद्ध केली. भंडारा जिल्हा त्या वेळी याच प्रांतात होता. हौग १८६८ मध्ये म्यूनिख येथे संस्कृत व तौलनिक भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुण्याचे वेदपठण त्यांच्या कानांतून गेले नव्हते. वैदिक स्वरांवरील त्यांचा निबंध १८७४ मध्ये निघाला. प्रातिशाख्ये आणि व्याकरण यांच्या नियमांवर विसंबून स्वराचे स्वरूप ठरवण्यापेक्षा पाठकांच्या मुखातून जे ऐकू येते त्याला त्यांनी अधिक वजन दिले. अमेरिकेचे व्हिटनी यांनी त्याचा सडेतोड प्रतिवाद केला. पठणपरंपराही कालौघात बदलते हा व्हिटनी यांच्या पक्षाचा मुद्दा बिनतोड होता, आणि हौग तेथे आपल्या निष्ठेपायी वाहवत गेले असे मला वाटते. ज्यांच्याकडून शिकलो त्यांच्यावर त्यांनी या वेळी गरजेपेक्षा अधिक विश्वास टाकला. योगायोग असा, की त्याच वर्षी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी वेदपाठकांच्या शाखा आणि पठणाच्या रीती यांची माहिती इंडियन अँटिक्वेरीत लिहिली. तीत पाठकांची विद्या घरच्या माणसाच्या सहजतेने सांगितलेली आहे.

म्यूनिखला त्यांचे एक सहकारी पुन्हा भेटले. एडवर्ड वेस्ट हे रेल्वेचे अभियंता. कान्हेरी येथील लेण्यांतील शिलालेखांच्या नकला करता करता ते प्राच्यविद्येकडे वळले आणि पहलवीच्या नादी लागले. नोकरी सोडून ते हौग यांच्या सान्निध्यात अभ्यास करण्यासाठी म्यूनिखला राहिले. होशंगजींनी पुण्यात सिद्ध केलेल्या संहितेवर हौग व वेस्ट यांनी संस्कार करून अर्दा विराफचा ग्रंथ १८७२ मध्ये प्रसिद्ध केला. दस्तूर, प्राध्यापक आणि अभियंता यांच्या या सहकार्याला त्या काळात तोड सापडणे कठीण.

हौग यांची प्रकृती खालावत गेली. उपचारासाठी ते स्वित्झर्लंडमधील रागाट्स या उष्णोदकाच्या ठिकाणी गेले असता ३ जून १८७६ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या निबंधांची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती वेस्ट यांनी १८७८ मध्ये काढली. भारतातून त्यांनी नेलेली हस्तलिखिते म्यूनिखच्या राजग्रंथालयात गेली. होशंगजींचे वेंदिदादचे संपादन पहलवी भाषांतरासह छापून पुरे व्हायला १९०७ साल उजाडले.